ज्यूसच आहे, घे!

मे महिन्यात दुपारी दोन वाजता सात रस्त्याला उभं राहिलं की तत्त्वज्ञान सुचत नाही, काहीतरी गार हवं असतं. पारा ४२-४३ ला टेकलेला. उसाचा रस, लिंबू सोडा, डाळिंबाचा ज्यूस, जे मिळेल ते. डाळिंब तर आपल्या जिल्ह्याचंच. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मग रात्री कुणाच्या तरी गच्चीवर हाच रस बिअरमध्ये पडतो, यात नवल काय? जर्मनीत निम्मी बिअर आणि निम्मं लेमोनेड याला ‘राडलर’ म्हणतात, म्हणजे चक्क सायकलवाला. इंग्रजांची ‘शँडी’ तीच. मेक्सिकोत बिअरमध्ये लिंबू, मीठ आणि तिखट घालतात, हे वाचून सोलापूरकराला एकदम घरचं वाटेल.

कृतीही सोपी. दोन्ही गोष्टी चांगल्या गार हव्यात. आधी रस, मग ग्लास तिरका धरून हळूहळू बिअर. ढवळायचं जेमतेम, नाहीतर सगळा गॅस निघून जातो.

अवघड आहे ते पुढचं. ग्लास दुसऱ्याच्या हातात देताना आपण काय म्हणतो? बहुतेक वेळा म्हणतो, “घे रे, ज्यूसच आहे.”

हे वाक्य किती खरं आहे, ते जरा आकड्यांत बघू. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर घ्या. तिच्यात ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं, म्हणजे बाटलीत ५२ मिली. त्यात लिटरभर रस ओतला तरी ते ५२ मिलीच राहतं, फक्त पसरतं. दोघांनी मिळून ते सगळं संपवलं, तर प्रत्येकाच्या पोटात २६ मिली. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली पेगमध्ये साधारण तेवढंच असतं. म्हणजे ज्याने आयुष्यात पेगला हात लावला नाही, असं तो अभिमानाने सांगतो, त्याने एक लार्ज पेग घेतलेला असतो. गोड लागला म्हणून जरा घाईनेच.

उलट बाजूही खरी आहे. ५ टक्क्यांची साधी बिअर निम्मी रसात मिसळली आणि एकाच ग्लासावर थांबलं, तर ते खरंच हलकं पेय आहे. जाणूनबुजून कमी प्यायची ती चांगली युक्ती आहे. त्यामुळे मिसळणं हेच पाप, असं मी म्हणणार नाही. पण बिअरचा कडूपणा हा एक निरोप असतो: बाबा रे, हे काय आहे ते ओळख. रस तो निरोप मध्येच अडवतो. पिणाऱ्याची जीभ गप्प झाली की सांगायची जबाबदारी ओतणाऱ्याच्या तोंडावर येते.

दारूचा प्रश्न या गावाने उघड्यावर लढवलेला आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथले लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. त्यातून गोळीबार झाला, मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्मे फासावर गेले. त्यांचं सगळं म्हणणं आज पटो न पटो, त्यांनी झाडाला झाड आणि दारूला दारू म्हटलं. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे, म्हणून महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. आणि परवान्यात कारण काय? आरोग्य राखण्यासाठी! सरकारनेही थोडा ज्यूस मिसळलाच म्हणायचा.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, मित्रच तर आहे. हो, पण त्या मित्राला गाडी घेऊन होटगी रोडला परत जायचं असेल. त्याचा उपवास असेल, औषध चालू असेल. त्याच्या घरात वडिलांच्या पिण्याने झालेलं काहीतरी असेल आणि म्हणून त्याने स्वतःशी ठरवलं असेल की आपण नाही. यातलं काहीही तो तुम्हाला सांगायला बांधील नाही. नकार देता यावा एवढीच त्याला माहिती हवी असते, आणि ती तुमच्याकडे असते. तिचं गंमतीच्या नावाखाली अपहरण करणं मला पिण्यापेक्षा फार मोठी गोष्ट वाटते. स्वतःच्या शरीराशी खेळायचा हक्क आपण मागतो. दुसऱ्याच्या शरीराशी खेळायचा कुणी दिला?

आई-वडिलांपासून लपवणं याहून वेगळं. तो तुमचा आणि त्यांचा हिशोब, त्यात मी पडत नाही. मात्र उरलेलं मिश्रण ज्यूसच्या बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवलं, की तो हिशोब तिसऱ्याच्या नावावर चढतो. उन्हातून आलेली मावशी किंवा शाळेतून आलेला धाकटा भाऊ लेबल वाचून थोडाच ओतून घेतो? तो रंग बघतो. डाळिंबाचा लाल रंग, वर थोडा फेस, आणि घरात नेहमीसारखे स्टीलचे ग्लास, ज्यांतून आत काय आहे ते दिसत नाही.