हेमलॉकला खत घालण्याआधी

पेनसिल्व्हेनिया किंवा न्यू जर्सीकडच्या जंगलात, ओढ्याकाठी, भर दुपारी अंधारून आल्यासारखं वाटलं तर वर बहुधा हेमलॉक असतो. (सॉक्रेटिसला दिलेलं विष गाजराच्या कुळातल्या एका वनस्पतीचं, या झाडाचा त्याच्याशी संबंध नाही.) नवख्याला सगळे सूचिपर्णी वृक्ष सारखेच. म्हणून डहाळी हातात घ्यावी आणि उलटावी. सुई चपटी, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, बारीकशा देठावर बसलेली, खालच्या अंगाला दोन पांढऱ्या रेषा. लोंबणारे शंकू जेमतेम इंचभर. शेंडा मात्र ताठ नाही, कललेला.

पेनसिल्व्हेनियाने 1931 मध्ये त्याला राज्यवृक्ष केलं. त्याआधीच्या शतकात याच झाडांची साल कातडी कमावण्यासाठी सोलून नेली आणि खोडं कित्येकदा जागीच कुजत टाकली. मानपत्र जरा उशिराच आलं म्हणायचं.

आता पान उलटायला आणखी एक कारण आहे. सुयांच्या बुडाशी कापसाचे बोंडुले दिसले, तर ती एका इवल्या जपानी किडीची लोकर. अमेरिकेच्या पूर्व भागात ती प्रथम आढळली 1951 मध्ये, व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ. तिथल्या सगळ्या माद्याच. नराविना वाढतात, थंडीत रस शोषतात आणि काही वर्षांत शतकांचं झाड वाळवतात.

तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाने परसात हेमलॉक लावला, तर फार काही मागत नाही तो: आम्लधर्मी ओलसर माती, वाऱ्यापासून आडोसा, बुडाशी पाचोळा. मुळं उथळ असल्याने उन्हाळ्यात पाणी चुकवू नये. पंचाईत होते ती आपल्या मायेची. झाड मलूल दिसलं की हात खताच्या पिशवीकडे जातो. पण कीड लागलेल्या हेमलॉकला नत्र दिलं, तर त्यावर किडीचंच फावतं. आणि पाखरांना दाणे घालणं तर आपल्याकडे पुण्याचं काम! पण किडीची पिल्लं वसंतात बाहेर पडतात आणि पाखरांच्या पायांना, पिसांना चिकटून पुढच्या झाडावर जातात. तेव्हा खताची पिशवी गुलाबांसाठी ठेवा, आणि दाण्यांची ताटली उन्हाळा अर्धा सरेपर्यंत हेमलॉकपासून दूर, पलीकडच्या मेपलला टांगा.