हात त्याचे लांब, जीभ तुझी

बस. नको, उभाच राहा. बसलास की तुझं पुराण सुरू होतं.

"सर, तो उंच होता." परवापासून वडवणीच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर, घरी मायपुढं, हेच एक तुणतुणं. उंच होता. मग? वजनकाट्यावर शेजारी उभा होता तेव्हा दिसला नव्हता का? की रिंगमध्ये चढल्यावर वाढला?

तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. नऊ मिनिटांत तू आत किती वेळा शिरलास? मी मोजलंय. दोनदा. त्यातही एकदा पाय घसरून. बाकीचा वेळ कुठं होतास? त्याच्या हाताच्या टोकाला. बरोब्बर तिथं, जिथं त्याचा ठोसा पोचतो आणि तुझा पोचत नाही. पोलिओच्या डोसाला पोरं तोंड पुढं करतात, तसा उभा! उंच माणसापुढं जागा दोनच. एक तर त्याचा हात पोचणार नाही इतकं लांब, नाहीतर त्याला कोपर उघडता येणार नाही इतकं जवळ. मधली सगळी जागा त्याची. आणि तू तिथंच भाड्यानं खोली घेतल्यासारखा राहिलास.

आत का गेला नाहीस, ते मी सांगू? भ्यालास म्हणून नाही. भित्रा असतास तर मी दोन वर्षं तुझ्यामागं घसा फोडला नसता. आत जायला मांड्या लागतात. गुडघे वाकवून नऊ मिनिटं काढावी लागतात. आणि बैठका तू चोरतोस. शंभर सांगितल्या की साठ मारायच्या आणि शंभर मोजायच्या. मला फसवलंस, चालेल. मांड्यांना कसा फसवशील? दुसऱ्या फेरीत त्यांनी हिशेब मागितला, तेव्हा तुझ्या खिशात काय होतं?

त्याचा डावा जॅब आला की तू मागं. सरळ मागं. अरे, तू दोन पावलं मागं जातोस तेवढं तो एका पावलात कापतो. किती वेळा सांगितलं, डोकं बाजूला काढ, हात खांद्यावरून जाऊ दे, आणि तो परत निघाला की त्याच्या मागोमाग आत घूस. हात परत जातो तेव्हाच दार उघडं असतं. तू काय केलंस? कमरेतून वाकून मुंडी खाली घातलीस, नजर जमिनीवर. काय हरवलं होतं तिथं? गुडघ्यातून वाकायचं असतं, डोळे त्याच्या छातीवर ठेवून. मुंडी पट्ट्याखाली गेली तर पंच फाऊल देतात, हेही तुला पाठ आहे. सगळंच पाठ आहे तुला, त्याचाच तर संताप आहे.

बरं, दोनदा शिरलास. शिरून केलंस काय? तोंडाकडं उड्या. आंबे पाडत होतास का? बरगड्या तुझ्या नाकासमोर होत्या. काट्यावर तुम्ही दोघं एकाच गटात, म्हणजे किलो तेवढेच. त्याचे लांबट हाडांवर पसरलेले, तुझे आखूड अंगात गच्च बसलेले. जवळ गेल्यावर कोण जड पडणार? पोटात दोन बसले की त्याची कोपरं खाली येतात, मग तोंड आपोआप मोकळं होतं. पण त्याला धीर लागतो. तुला मोबाइलमध्ये टायसन बघायचा असतो. मूठ बघतोस त्याची. पाय कधी बघितलेस?

आणि ते "मेरी कोमसुद्धा उंच बाईकडून हरली" मला ऐकवू नकोस. हरली. 2012 ला लंडनला तिच्या नेहमीच्या वजनाचा गटच नव्हता, म्हणून 51 किलोत उतरली. उपांत्य फेरीत निकोला अ‍ॅडम्सनं हरवलं. पण त्याआधी पोलंडच्या मिखालचुकला 19-14 नं पाडून कांस्य घेऊन आली. तू काय घेऊन आलास? कारण.

सोय नाही, हेही म्हणून झालंय तुझं. पाटोद्याचा राहुल आवारे 2018 ला गोल्ड कोस्टहून कुस्तीचं सुवर्ण घेऊन आला. पाटोदा आपल्याच जिल्ह्यात आहे ना, की तिथं सोयीचा वेगळा पाऊस पडतो?

तुझी माय दरवर्षी दिवाळीनंतर फडात जाते. ऊस तिच्या दुप्पट उंच. शेंड्याकडं बघून रडत बसते का ती? वाकते, डाव्या हातानं कांडं धरते, बुडख्यावर कोयता घालते. शेंडा आपसूक खाली येतो. वाढं मग छाटायचं. पाचटावर बसून हे तू हजारदा पाहिलंयस. उंचाला खालून घ्यायचं असतं, हे तुला माझ्या तोंडून ऐकावं लागावं?

जो फ्रेझर. अलीपेक्षा बुटका, हातही आखूड. 8 मार्च 1971, न्यूयॉर्क, पंधरा फेऱ्या. डोकं हलवत, मार खात तो आतच राहिला, आणि पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकानं अली आडवा झाला. फुकट नाही मिळालं. जिंकूनही त्याला दवाखाना गाठावा लागला. त्याच्या सरावात एक दोरी असायची, आडवी बांधलेली. तिच्याखालून डोकं या बाजूनं त्या बाजूला काढत पुढं सरकायचं, पुन्हा मागं. रोज.

शेडमध्ये मी काल दोरी बांधलीय. तुझ्या हनुवटीइतकी उंच. पहाटे पाचला ये. आधी बैठका. मोजणार मी.