ओझ्याची जाणीव

दुसऱ्याच्या पाठीवरचें ओझें आपणांस खरोखर कळतें काय, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न आहे. त्याचा विचार शरीरांतील एका सूक्ष्म इंद्रियापासून करावा, असें आम्हांस वाटतें.

मुखेडच्या बाजारांत पोतें उचलणाऱ्या हमालाला जो भार जाणवतो, तो केवळ त्वचेला जाणवत नाहीं. स्नायू जेथें कंडरेला मिळतो, तेथें सुमारें एक मिलिमीटर लांबीचीं, चातीच्या आकाराचीं इंद्रियें असतात. इटलीचे शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी यांनीं १८८० च्या सुमारास त्यांचें वर्णन केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं पातळ वेष्टनांत कंडरेचे तंतू वेणीसारखे गुंफलेले दिसतात व त्यांच्यामधून एका मज्जातंतूच्या बारीक शाखा गेलेल्या असतात. स्नायूनें ओढ घेतली कीं वेणी आवळते, शाखा चेपल्या जातात आणि ताणाची वार्ता मज्जारज्जूकडे जाते.

हें इंद्रिय अतिरेकी ताण पडल्यावरच जागें होतें, अशी पूर्वीं समजूत होती. १९६७ सालीं हाउक व हेनेमन यांनीं मांजराच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखविलें कीं, स्नायूच्या अल्प बळाचीही तें दखल घेतें. म्हणजे शरीर संकटाची वाट पाहत नाहीं. तें हलका भारही मोजीत असतें.

समाजाचें मन मात्र त्या जुन्या समजुतीप्रमाणें वागतें. कोणी ओझ्याखालीं कोसळला, म्हणजे आपण हळहळतों. तोंवर स्वस्थ असतों. याचें कारण केवळ निष्ठुरता नव्हे. हमालाच्या कंडरेंतील वार्ता मालाच्या धन्यापर्यंत पोंचतच नाहीं.

कोणी म्हणेल, तो राजीखुशीनें ओझें उचलतो; मग इतरांनीं मध्यें कां पडावें? पण ज्या देहाला भार कळतो, त्याच देहाला भूकही कळते, आणि भुकेपुढें भाराची वार्ता मागें पडते. अशा संमतीला स्वेच्छा म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

जेथें इंद्रिय नाहीं, तेथें मापाचा आश्रय केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंपर्यंत खालीं आणण्याची शिफारस केली. महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी व हमाल कामगारांसाठीं कायदा केला. कायदा दयेहून रुक्ष खरा. परंतु दया कोसळलेल्याला पाहून जागी होते, माप त्यापूर्वींच बोलतें. दुसऱ्याचें ओझें आपल्याला जाणवत नाहीं, म्हणूनच तें मोजण्याचें कर्तव्य आपल्याकडे येतें.