हक्क मागणे म्हणजे भीक नव्हे



पाराशा पिन्हासमध्ये सलाफहादच्या पाच मुलींची हकीकत आहे. बाप वारलेला, भाऊ नाही, म्हणून जमिनीत त्यांना वाटा नव्हता. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या व त्यांनी मोशे रब्बेनूंजवळ दाद मागितली. मोशे रागावले नाहीत. त्यांनी ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि मुलींचे म्हणणे रास्त ठरले. अन्यायाविरुद्ध योग्य ठिकाणी दाद मागणे हा उद्धटपणा नव्हे, हे आपण येथे शिकतो.

अशीच दाद जपानमध्ये एका क्षयरोग्याने मागितली. शिगेरू असाही हे ओकायामा येथील सरकारी रुग्णालयात होते. किरकोळ गरजांसाठी त्यांना सरकारकडून महिना ६०० येन मिळत. या रकमेच्या हिशेबात दोन वर्षांना एक गंजीफ्रॉक धरलेला होता! १९५६ साली सरकारी कचेरीने त्यांच्या भावाला दरमहा १५०० येन पाठवायला लावले. मग मदत बंद केली, भावाच्या पैशांतले ६०० त्यांच्या हाती ठेवले व ९०० उपचारखर्चापोटी घेतले. भावाने पैसे पाठवूनही रोग्याला एक येन जास्त मिळाला नाही.

जपानच्या राज्यघटनेचे २५ वे कलम प्रत्येकाला निरोगी व सुसंस्कृत अशा किमान जीवनाचा हक्क देते. त्या आधारे असाहींनी १९५७ साली टोकियोच्या कोर्टात सरकारवर दावा लावला. १९६० साली ते जिंकले, १९६३ साली अपिलात हरले, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये वारले. हा हक्क वारसाकडे जात नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दावा संपविला.

मग त्यांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. पहिल्या निकालानंतर लगेच १९६१ साली सरकारने मदतीचे दर वाढविले. पुढे २०१३ पासून सरकारने हे दर कमी केले, तेव्हा गरीब लोक पुन्हा कोर्टात गेले, आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात बेकायदा ठरविली. असाहींना मिळाले नाही ते त्यांच्यामागून येणाऱ्यांना मिळाले.

गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे, अशी तोराची आज्ञा आहे. नाहीतर तो रात्री काय पांघरून निजेल? म्हणजे गरिबाच्या अंगावरील एका वस्त्राचाही हिशेब परमेश्वर ठेवतो. सेदाका या शब्दाच्या मुळाशीही दया नसून न्याय आहे.

आपल्यातील कित्येक वृद्ध व विधवा भगिनी निराधार योजनेचा अर्ज करावयास लाजतात. अर्ज नामंजूर झाला तर नशिबाला दोष देऊन घरी बसतात. अशांना आपण हिंमत द्यावी, कागदपत्रे जमवून द्यावीत, कचेरीत त्यांच्याबरोबर जावे, आणि वेळ आल्यास अपील करण्यास त्यांच्या पाठीशी उभे राहावे. सिनेगॉगच्या पेटीत पैसे टाकण्याइतकीच हीही सेदाका आहे.

न्यायाच्या कामी परमेश्वर आपल्या सर्वांना बळ देवो. आमेन.