मूळ पगार

अबुधाबीच्या कंपनीने व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि शेवटी विचारलं, "काही शंका?" भिलाईचा तो वेल्डर "नो सर" म्हणून मोकळा झाला. एका ठेकेदाराच्या हाताखाली त्याची उमेदवारी गेलेली. जास्त विचारणाऱ्या पोराचा गेटपास दुसऱ्या दिवशी बंद होतो, हे त्याने तिथे पाहिलं होतं. ही भीती माणसाचं फार नुकसान करते. हाताला मात्र कसब होतं. सहा-जी, म्हणजे तिरप्या बसवलेल्या पाइपचा जोड, तो पहिल्याच फेरीत पास झाला होता.

ऑफर लेटर त्याने मामांना दाखवलं. मामा भिलाई स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. एकूण २,४०० दिरहम ऐकून घरात पेढे आले होते. मामांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं : मूळ पगार ९००, बाकी भत्ते.

"अरे, तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात. पहिली पाच वर्षं दरसाल २१ दिवसांचा मूळ पगार. ९०० वर पाच वर्षांचे ३,१५० होतात, बस."

"विचारलं आणि त्यांनी दुसराच घेतला तर, मामा?"

भिलाईत १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत तज्ज्ञ आले, पुढे विस्ताराच्या काळातही येत राहिले. मामांनी त्यांच्यातल्या एकाची गोष्ट काढली. "नव्या स्टँडची जुळणी चालू होती. त्याने भराभर सांगितलं, दुभाष्याने त्याहून भराभर. समजलं का म्हटल्यावर आम्ही माना डोलावल्या. भंडाऱ्याचा एक फिटर तेवढा म्हणाला, नाही समजलं. तो रशियन उकिडवा बसला, खिशातून खडू काढला नि पोलादी प्लेटवर अख्खी आकृती काढली. आमच्यातल्या निम्म्यांना तेव्हा कुठे कळलं. पुढच्या कामाला त्याने मागून घेतलं ते त्या फिटरलाच. परक्या माणसाला तुझा चेहरा वाचता येत नाही रे. तू गप्प बसलास की त्याला वाटतं, याला सगळं पटलं."

रात्री दोघांनी मेल लिहिला. गयावया नाही, तक्रार नाही. सहा-जी पास आहे, मूळ पगार १,५०० करावा आणि तसं करारात लिहावं, एवढंच.

तीन दिवस उत्तर नाही. आईने भावाला धारेवर धरलं. चौथ्या दिवशी आलं : एकूण रक्कम तीच, मूळ पगार १,२००. भाच्याने हिशेब मांडला, ग्रॅच्युइटी ४,२०० वर गेली. मग मामांना न विचारताच तो पुढचा मेल लिहायला बसला : पासपोर्ट माझ्याकडेच राहील ना, आणि सुट्टीच्या तिकिटाचा खर्च कोणाकडे?