अन्नत्याग आणि अडलेला घास

पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनार आश्रमात अन्न, पाणी आणि औषध नाकारले व १५ नोव्हेंबरला देह ठेवला. अन्ननलिकेच्या बळावलेल्या कर्करोगाने अन्न तुटलेल्या माणसाची समजूत घालताना या प्रायोपवेशनाचा, म्हणजे मरणापर्यंत जाणीवपूर्वक केलेल्या अन्नत्यागाचा, दाखला देण्याचा मोह होतो. पण तो दाखला त्याला लागू पडत नाही.

विनोबांची गिळण्याची वाट मोकळी होती, म्हणूनच त्यांचे नाकारणे त्याग ठरले. या रुग्णाची आधी भाकरी अडते, मग मऊ भात, मग पेज; पुढे स्वतःची लाळही उतरेनाशी होते आणि ती थुंकायला उशाशी वाटी ठेवावी लागते, तरी पुष्कळदा भूक शाबूत असते आणि फोडणीचा वास त्याला बरोबर कळतो. ज्याच्या तोंडचा घास रोगाने काढून घेतला, त्याच्या माथी विरक्तीचे पुण्य मारणे हा अन्याय आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगूला ब्रह्माची पहिली ओळख अन्नाच्या रूपाने पटते, आणि तो पुढे प्राण, मन, विज्ञान व आनंद यांपर्यंत पोहोचला तरी अन्नाची निंदा न करण्याचे व्रत तेथेच सांगितले आहे. जेवणाआरंभीची प्राणाहुती, म्हणजे पाच प्राणांना उद्देशून घेतलेले लहान घास, याच दृष्टीशी जुळते. तेव्हा उपशामक उपचार, म्हणजे रोग हटवता येत नसताना त्याचा जाच कमी करणारा उपचार, दुय्यम मानण्याचे कारण नाही. दुर्बिणीच्या साहाय्याने अन्ननलिकेत बसवलेली, आपोआप उलगडणारी धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बहुधा एक-दोन दिवसांत मऊ अन्न उतरू देते. अन्ननलिकेच्या आतून गाठीलगत दिलेल्या किरणोपचाराचा, म्हणजे ब्रॅकीथेरपीचा, गुण उशिरा येतो पण अधिक काळ टिकू शकतो. स्टेंटने छातीत दुखू शकते, तो सरकू शकतो, गाठ वाढून वाट पुन्हा बुजू शकते, आणि आयुष्य वाढण्याची हमी त्यात नाही. तरीही घास घेण्याची, आणि म्हणूनच तो खऱ्या अर्थाने नाकारण्याची, मोकळीक त्यामुळे रुग्णाच्या हाती परत येते.

अखेरच्या दिवसांत भूक आपणच मावळते आणि तेव्हा न भरवणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे, हे घरच्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. तोवर पेज चमच्याचमच्याने, रुग्णाला ताठ बसवून द्यावी. त्याने मान फिरवली की चमचा खाली ठेवावा आणि ओल्या कापसाने त्याचे ओठ भिजवावेत.