नित्य आणि काम्य

विद्यार्थिदशा आणि गृहस्थाश्रम या दोन अवस्था आपल्याकडे एकीपुढे एक अशा मांडलेल्या आहेत. पहिली संपावी आणि मग दुसरी सुरू व्हावी, असा त्यातील संकेत. वकिलाने सनद घ्यावी, शिक्षकाने पदवी घ्यावी, आणि पुढील तीस-चाळीस वर्षे तिच्या आधाराने चरितार्थ चालवावा, हे आमच्या पिढीपर्यंत बहुतेकांना साधले. संगणकाच्या व्यवसायात पडलेल्यांना मात्र ही सोय उरलेली नाही. सिस्को कंपनीचे सीसीएनए, रेड हॅटचे आरएचसीएसए, अ‍ॅमेझॉनच्या मेघसेवेचे प्रमाणपत्र, या साऱ्यांची मुदत तीन वर्षांची असते. मायक्रोसॉफ्टची मधल्या आणि वरच्या पायरीवरील प्रमाणपत्रे तर वर्षभराचीच असतात. तेव्हा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, बेळगावात किंवा हैदराबादेत नोकरी करणारा आपल्यातील तरुण घरी लहान मूल आणि डोक्यावर घराचे कर्ज असतानाच पुन्हा विद्यार्थी होतो. अशा तरुणांची जी तक्रार आमच्या कानी वारंवार येते ती बुद्धीविषयी नसते, पुस्तकांविषयीही नसते. अभ्यास सुरू होतो पण टिकत नाही, एवढीच ती असते.

या तक्रारीवर सहसा युक्तीचे उपाय सुचवले जातात. पहाटे उठावे, वेळापत्रक भिंतीवर लावावे, भ्रमणध्वनी दूर ठेवावा. हे उपाय खोटे नाहीत. तथापि त्यांच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो सोडवल्यावाचून युक्त्या फार दिवस पुरत नाहीत, असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा : मनुष्याने स्वतःला दिलेले वचन त्याच्यावर बंधनकारक असते काय?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात वचन देणारा आणि वचन घेणारा असे दोन पक्ष कल्पिलेले आहेत. मी उद्यापासून रोज एक तास अभ्यास करीन, हे वचन घेणारा दुसरा कोणी नाही, म्हणून तो करार नव्हे आणि त्याच्या भंगाबद्दल कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही. तत्त्वज्ञांपैकी इंग्रज विचारवंत टॉमस हॉब्ज याने ‘लेव्हायथन’ या १६५१ च्या ग्रंथात राजसत्तेचा विचार करताना याहून पुढचे टोक गाठले आहे. बंधन घालणारा आणि बंधनातून मुक्त करणारा एकच असेल, तर तो वाटेल तेव्हा मोकळा होऊ शकतो, आणि जो वाटेल तेव्हा मोकळा होऊ शकतो तो मुळात बांधलेलाच नसतो, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे.

हा युक्तिवाद केवळ पुस्तकी नाही. रात्री गजर लावणारा हात आणि पहाटे तो बंद करणारा हात एकाच माणसाचा असतो. पहाटेचा माणूस रात्रीच्या माणसाला उदार मनाने सोडचिठ्ठी लिहून देतो : काल कामावरून यायला उशीर झाला होता, रविवारी दोन्ही दिवसांचा अभ्यास एकदम करू. या सोडचिठ्ठीवर तिसऱ्या कोणाची सही लागत नाही. म्हणूनच सावकाराचा हप्ता चुकत नाही आणि स्वतःशी केलेला नेम मात्र चुकतो.

परंतु या वचनाला दुसरा पक्ष खरोखरच नाही काय? प्रमाणपत्र म्हणजे काय, याचा विचार केला की चित्र पालटते. प्रमाणपत्र ही साक्ष असते. ते धारण करणारा मनुष्य आपल्याला ठाऊक नसलेल्या माणसांना सांगत असतो की, हे काम मला येते, त्याविषयी माझ्यावर विश्वास ठेवा. रुग्णालयातील संगणकांचे जाळे ज्याच्या हाती सोपवले जाते, पतपेढीच्या ठेवीदारांच्या नोंदी ज्याच्या भरवशावर असतात, त्याचे प्रमाणपत्र ना रुग्णाने पाहिलेले असते ना ठेवीदाराने. तरीही विश्वास त्यांचाच असतो. ऐन वेळी जाळे बंद पडले आणि दुरुस्त करणाऱ्याला केवळ उत्तरे पाठ असली, कारणे ठाऊक नसली, तर हानी त्यांचीच होते. तेव्हा रोजच्या त्या तासाला दुसरा पक्ष आहे. तो समोर बसलेला नाही, एवढेच. न्यायालयात खोटी साक्ष देणाऱ्याचा अपराध आपण गंभीर मानतो. न शिकलेल्या विद्येची साक्ष बाळगणे हे त्याच जातीचे कृत्य आहे.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. परीक्षेतील प्रश्न चोरून, उत्तरांसह विकण्याचा व्यापार बरीच वर्षे चालू आहे. या क्षेत्रातील मुले त्या संचाला ‘डम्प’ म्हणतात आणि त्याविषयी फारशा संकोचावाचून बोलतात. ‘सगळेच करतात’ हे त्याचे नेहमीचे समर्थन. परीक्षेला बसण्यापूर्वी उमेदवाराने प्रश्न गुप्त ठेवण्याची अट मान्य केलेली असते, म्हणजे येथे खरोखरीचा, दोन पक्षांचा करार असतो, आणि तो मोडल्याचे उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. पण आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. डम्पकडे वळणारे सगळेच काही लबाड वृत्तीचे नसतात. पुष्कळांनी आरंभी प्रामाणिकपणे अभ्यास मांडलेला असतो. नेम मोडतो, शुल्क भरलेले असते, तारीख जवळ येते, आणि मग तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येते. खणण्यास अवधी नसला की मनुष्य दुसऱ्याच्या विहिरीवर रात्री जातो. नेमाचा प्रश्न हा प्रामाणिकपणाचा प्रश्न कसा होतो, हे यावरून ध्यानी यावे.

कर्तव्य पटले तरी नेम टिकतोच असे नाही. कर्तव्याला टिकण्याजोगा आकार द्यावा लागतो. या कामी मीमांसकांनी केलेला एक भेद फार उपयोगी आहे. त्यांनी कर्माचे नित्य आणि काम्य असे प्रकार मानले. स्वर्ग, पुत्र, धन अशा विशिष्ट फलाच्या इच्छेने केलेले ते काम्य. अग्निहोत्रासारखे जे रोज करावयाचे, ते नित्य. हा भेद बहुतेकांना ठाऊक असतो. त्याचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात असा विचार आला आहे की, काम्य कर्म सर्व अंगांसह पार पडले तरच फल देते, त्यात उणीव चालत नाही. नित्य कर्म मात्र यथाशक्ति करावे. एखादे गौण अंग त्या दिवशी जमले नाही, म्हणून मुख्य कर्म टाकावयाचे नाही. जे आयुष्यभर रोज करावयाचे, ते प्रत्येक दिवशी सर्वांगपूर्ण होणार नाही, हे त्या शास्त्रकारांनी ओळखले होते.

आमच्या मते अभ्यास मोडतो तो या दोहोंची गल्लत झाल्याने. परीक्षा हे काम्य कर्म आहे, पण तिची रोजची तयारी नित्य आहे. आपला तरुण रोजच्या बैठकीलाही काम्याचा नियम लावतो. पूर्ण दोन तास मिळतील, घरात शांतता असेल, मन ताजे असेल तर अभ्यास, नाहीतर नाही. सर्वांगे जमण्याची वाट पाहता पाहता आठवडा जातो. उलट प्रत्यक्ष परीक्षेला तो नित्याचा नियम लावतो आणि यथाशक्ति तयारीवर जाऊन बसतो. नियम अदलाबदल केले पाहिजेत. रोजच्या बैठकीला किमान मर्यादा इतकी लहान असावी की तापाने फणफणलेला दिवस सोडला तर ती पाळता यावी. वीस मिनिटे पुरेत. चांगल्या दिवशी त्याचे दोन तास होतील. वाईट दिवशी वीस मिनिटांनीही कर्म घडले असेच मानावे, आणि त्याबद्दल स्वतःला हिणवू नये.

आणि एखादा दिवस पूर्णच चुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९६ व्यक्तींनी एखादी नवी कृती रोज ठरावीक प्रसंगी करावयाची आणि ती अंगवळणी पडण्यास किती काळ लागतो ते पाहावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला, परंतु माणसामाणसांतील अंतर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होते. एखाद्या वेळचा खंड मात्र सवयीला फारसा बाधक ठरला नाही. म्हणजे एकवीस दिवसांत सवय जडते ही लोकप्रिय समजूत भ्रामक आहे, आणि एक दिवस चुकला की सर्व फुकट गेले ही निराशाही तितकीच भ्रामक आहे. नित्यकर्मात खंड पडला तर शास्त्राने प्रायश्चित्त सांगितले, कर्म सोडून देण्यास सांगितले नाही. चुकलेल्या दिवसाचे प्रायश्चित्त एवढेच की दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी बसावे. चुकलेला भाग दुप्पट करून भरून काढण्याच्या भरीस पडू नये, कारण दुप्पट ओझ्याने दुसरा दिवसही बुडतो.

त्या वीस मिनिटांत काय करावे, हाही विचार हवा. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे सुखाचे असते, कारण ओळखीची पाने समजल्यासारखी वाटतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा दोनदा अभ्यासला. इतरांनी तो एकदा अभ्यासून मग आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहता पहिल्यांना सुमारे ८१ टक्के आठवत होते, दुसऱ्यांना ७५. आठवड्याने पहिल्यांचे ४२ टक्के उरले, दुसऱ्यांचे ५६. जर्मन संशोधक हेरमान एबिंगहाउस याने तर १८८५ सालीच, निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, दाखवले होते की विस्मरणाचा वेग आरंभी सर्वाधिक असतो आणि दिवसांत विभागलेली उजळणी एकाच बैठकीतील घोकंपट्टीहून सरस ठरते. घरोघरी रोज संध्याकाळी पाढे म्हणवून घेणाऱ्या आजोबांनी एबिंगहाउस वाचला नव्हता, पण कालचा पाढा आज विचारायचा असतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तेव्हा रोजच्या बैठकीची पहिली पाच-सात मिनिटे पुस्तक मिटून कालचे आठवण्यात जावीत. सीसीएनएचा अभ्यास करणाऱ्याने कोऱ्या कागदावर एक उपजाल मांडावे : बत्तीस बिटांच्या पत्त्यापैकी सव्वीस जाळ्यासाठी घेतले तर उरलेल्या सहांतून ६४ पत्ते होतात, आणि पहिला व शेवटचा वगळून ६२ यंत्रांना मिळतात. हे का, ते न पाहता लिहिता आले तर ते आपले झाले. मग नवा भाग थोडका घ्यावा, आणि उठण्यापूर्वी उद्या कोठून आरंभ करावयाचा ते एका ओळीत लिहून ठेवावे. उद्याच्या थकलेल्या माणसावर निर्णयाचा भार ठेवू नये.

काम्याचे नियम शेवटच्या काही आठवड्यांसाठी राखावेत. तेव्हा मात्र सर्व अंगे हवीत. अ‍ॅमेझॉनच्या ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न सोडवावयाचे असतात, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटे. इतका वेळ एका जागी बसून पूर्ण सराव परीक्षा दिल्याशिवाय हा वेग अंगी येत नाही. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत तर पर्यायी उत्तरेच नसतात. लिनक्सच्या चालत्या यंत्रावर काम करून दाखवावे लागते, आणि केलेली मांडणी यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही टिकली पाहिजे, अशी अट असते. ज्ञान कशाला म्हणावे, याची याहून चोख कसोटी आम्हांस तरी सुचत नाही.

एक आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. नेम हा एकट्याच्या निश्चयाचा प्रश्न आहे, असे म्हणणे सोपे आणि काहीसे निष्ठुर आहे. पहाटेची वीस मिनिटे पतीला मिळतात तेव्हा त्या वेळी डबे कोण भरत असते? नोकरी करणारी सून परीक्षेला बसली तर तिच्या वीस मिनिटांचे रक्षण कोण करते? देवळातील नित्यपूजा पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालली ती पुजाऱ्यांच्या वैयक्तिक मनोबलावर नव्हे. पाळ्या ठरलेल्या होत्या, एकाला सोहेर-सुतक आले की दुसरा उभा राहत होता, तेलवातीची तरतूद आधीच केलेली होती. अभ्यासाच्या नेमालाही अशी पाळी लावून देणे हे घरातील इतरांचे कर्तव्य आहे. तसेच, ज्या कंपनीला तीन वर्षांनी नवे प्रमाणपत्र हवे असते, तिने त्यासाठी कामाच्या वेळातील काही तास आणि परीक्षेचे शुल्क देणे न्यायाचे आहे. लाभ एकाचा आणि जागरण दुसऱ्याचे, ही वाटणी समतेची नव्हे.

तथापि घरच्यांनी पाळी सांभाळली, कंपनीने शुल्क भरले, तरी त्या आसनावर बसावयाचे ते ज्याचे त्यानेच. त्या वेळी पाहणारा कोणी नसतो आणि सोडचिठ्ठी लिहिण्याचा अधिकारही त्याच्याच हाती असतो. हॉब्जने दाखवलेली ती पळवाट कोणताही कायदा बुजवू शकणार नाही. आपल्या विद्येवर विसंबणारी माणसे आपल्याला दिसत नसली तरी आहेत, एवढे ज्याने मनाशी धरले, तो त्या पळवाटेने जाणार नाही. निदान रोज जाणार नाही, आणि नित्याच्या हिशोबात तेवढे पुरेसे आहे.